गुम्बाची बाजू

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला, त्यांनी गुम्बाला शेकड्यांनी चिरडलं आहे. नाव मात्र क्वचितच कुणाला माहीत असेल. कॅसेटमध्ये फुंकर मारून ती खोचायची, मारिओ सुरू करायचा, की लगेच समोरून येणारा तो तपकिरी, मशरूमच्या डोक्याचा, रागीट भुवयांचा प्राणी म्हणजे गुम्बा.

माझ्या मते त्या खेळातलं सगळ्यात हुशारीने घडवलेलं पात्र हेच. त्याला स्वतःला अक्कल शून्य. तो डावीकडे चालतो. पाइप आडवा आला की वळतो, खड्डा आला की बिनदिक्कत आत पडतो. मारिओ दिसला म्हणून तो धावत नाही की दबकत नाही.

निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी १९८५ साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ केला, तेव्हा गुम्बा आधी त्यात नव्हताच. साधा शत्रू म्हणून कासव होतं. पण कासवावर उडी मारली की ते कवचात शिरणार, मग कवचाला लाथ मारायची. नवख्याला हे झेपेना. म्हणून खेळ पुरा होत आला असताना एका उडीत संपणारा शत्रू हवा झाला. अख्खा खेळ ४० किलोबाइटचा, त्यात नव्या चित्रांना जागा कुठली? मग एकच चित्र काढलं आणि ते आरशातल्यासारखं उलटसुलट दाखवत राहिले. गुम्बाची ती फेंगडी चाल म्हणजे निव्वळ काटकसर!

आता पहिली भेट बघा. पडद्यावर सूचनेचा एक शब्द नाही. गुम्बा येतो, आपण बघत राहतो, मरतो. नुकसान काय, तर काही सेकंदांचं. पुढच्या खेपेला आपण उडी मारतो आणि तो चपटा होतो. मग प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्याला डोकं आपटलं की मशरूम बाहेर पडतं, उजवीकडे जातं, पाइपला धडकून थेट आपल्यावरच येतं. नुकताच गुम्बाने हात दाखवलेला, म्हणून आपण घाबरून उडी मारतो. वर विटा असल्याने ती फसते, मशरूम अंगावर येतं आणि मारिओ मोठा होतो! काय टाळायचं आणि काय घ्यायचं, दोन्ही धडे अर्ध्या मिनिटात. आमच्या शाळेत कुणी एवढं नेटकं शिकवल्याचं स्मरत नाही.

खेळाच्या माहितीपुस्तिकेत गुम्बा म्हणजे मशरूमच्या राज्याशी फितूर झालेलं मशरूम असं म्हटलं आहे. फितुरीचं बक्षीस काय, तर पहिल्याच वळणावर पायदळी जाण्याची नोकरी. १९९३च्या हॉलिवूडपटाने तर कहर केला. धिप्पाड देहांवर इवलीशी डोकी बसवून त्यांना गुम्बा म्हणवलं. ती मी गुम्बांच्या खानेसुमारीत धरत नाही.

त्याचे दिवस पालटले ते २०१७च्या ‘सुपर मारिओ ओडिसी’त. तिथे टोपी फेकून मारिओ गुम्बाच्या अंगात शिरतो. बर्फावर मारिओचे पाय घसरतात, गुम्बाचे अजिबात नाहीत. त्याच खेळात एक गुम्बाबाईही आहे. मारिओ जवळ गेला की ती गायब होते. भेटायचं तर गुम्बा होऊन, एकावर एक गुम्बांची चळत रचून जायचं. मग ती खूश होते आणि त्या खेळात जमवायचा असतो तो चंद्र देते.