अमूदी नासिफ आणि सीईटी

दहावीला गणितात उत्तम गुण मिळवलेला आमच्या उर्दू शाळेचा एक मुलगा अकरावी सायन्सला गेला आणि दोन महिन्यांत हिरमुसून भेटायला आला. "सर, मॅथ्स समजत नाही." अडलेलं गणित पाहिलं. ‘पर्पेंडिक्युलर बायसेक्टर’चं समीकरण काढायचं होतं. म्हटलं, "अरे बेटा, हा तर आपला अमूदी नासिफ!" त्याने समोर बसून पाच मिनिटांत ते सोडवलं.

आपल्या मुलांना गणित येत नाही, असं मला म्हणूनच पटत नाही. मुसल्लस, त्रिकोण, ट्रँगल या तिन्ही शब्दांमधला पूल त्यांना कुणी बांधून दिलेला नसतो. सीईटीत भौतिक व रसायनशास्त्राची प्रश्नपत्रिका उर्दू-मराठीतूनही मिळते, गणिताची मात्र फक्त इंग्रजीत असते. अम्मी-अब्बा दागिने गहाण ठेवून क्लासची फी भरतात, पण चाळीस पानांची वही आणून नववीपासून तीन भाषांतले शब्द लिहायला कुणी सांगत नाही. हे काम आम्हा शिक्षकांचं होतं. आम्ही ते केलं नाही.

पूल झाला की पुढचा प्रश्न वेळेचा. गणिताचे 50 प्रश्न, 90 मिनिटं, प्रत्येकी 2 गुण. म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही पुरती नाहीत. सोडवलेली उदाहरणं नुसती वाचून हा वेग येत नाही. रोज घड्याळ लावून वीस गणितं हाताने करावीत. चुकलेली वेगळ्या वहीत उतरवून आठवड्याने, उत्तर न बघता पुन्हा करावीत. कंटाळवाणं आहे, पण गुण तिथेच वाढतात.

रसायनशास्त्रात आमची मुलं सगळंच पाठ करतात. इनऑरगॅनिकला ते काही प्रमाणात चालतं. त्यासाठी राज्य मंडळाचं पुस्तक ओळ न् ओळ वाचावं. ऑरगॅनिकमध्ये एका संयुगापासून दुसरं कसं तयार होतं, त्याचा नकाशा स्वतः एका मोठ्या कागदावर काढावा. फिजिकल केमिस्ट्रीत गणित बरोबर असूनही एककं दगा देतात. वायू स्थिरांक ‘आर’ एकदा 8.314 घ्यायचा, एकदा 0.0821. दाब ॲटमॉस्फिअरमध्ये आणि आकारमान लिटरमध्ये असेल तर दुसरा. हे न बघता आकडे टाकले की उत्तर चुकलंच. पेपरात भौतिकशास्त्राच्या आधी केमिस्ट्री उरकावी. त्यात आकडेमोड कमी असते, उरलेला वेळ फिजिक्सला मिळतो. सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. जेईई मेनला ही सवय महागात पडते, तिथे चुकीला 1 गुण जातो.

आणि अकरावी! साधारण वीस टक्के प्रश्न तिच्यातले असतात, तरी ती आपल्याकडे सुट्टीसारखी जाते.

रमजान अलीकडे बोर्डाच्या परीक्षेच्या आसपास येतोय. सहरीनंतर झोपण्यापेक्षा फजरची नमाज आटोपून दोन तास गणित करावं. डोकं ताजं असतं आणि मोहल्ला शांत. तो मुलगा सध्या तेच करतोय. त्याची शब्दांची वही आता त्याची नववीतली बहीण पुढे लिहिते आहे.