कर्जाचे बिऱ्हाड

यवतमाळच्या आमच्या दोन खोल्यांना गिऱ्हाईक बघून गेले, त्या संध्याकाळी सासूबाईंनी विचारले, "घर तर जाईल, पण त्याच्यावरच्या कर्जाचं काय? तेही भांड्यांबरोबर टेम्पोत घालून कळंबला न्याचं का?" आम्ही हसलो खरे, पण उत्तर ना ह्यांना ठाऊक होते, ना मला.

मैत्रिणींनो, गृहकर्ज आपल्या नावावर असले तरी ते त्या घराला बांधलेले असते. मूळ खरेदीखत बँकेत तारण असते ना! काही बँका जुन्या घराऐवजी नवे घर तारण घेतात, पण ती त्यांची मर्जी. आणि तसे केले तरी नव्या घराचे मूल्यांकन, वकिलाचा सर्च रिपोर्ट, गहाणाची नोंद हे काही चुकत नाही. आमच्या बँकेने नाही म्हटले. मग जुने कर्ज फेडायचे आणि नवे काढायचे, एवढीच वाट उरली. बाकी रकमेचे आणि ठेवलेल्या कागदांच्या यादीचे पत्र बँकेकडून घेतले, ते गिऱ्हाइकाला दाखवले. त्याचे पैसे आधी कर्जखात्यात गेले, उरले ते आमच्या हातात आले.

बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड बँकांना घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा हा नियम २०१२ पासूनचा. शिवाय १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. विसाव्या दिवशीही "साहेब रजेवर आहेत" असे ऐकले, तेव्हा मी लेखी अर्ज देऊन पोच घेतली. आठवड्यात कागद आले.

खरी मेख पुढेच होती. नव्या कर्जाच्या वेळी तिथले साहेब म्हणाले, "वहिनी, पुन्हा वीस वर्षांची मुदत घ्या, हप्ता हलका होतो." मी आठवीला व्याजाची गणिते शिकवते. घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिले. समजा १५ लाखांचे कर्ज, दर ९ टक्के कायम, मुदत २० वर्षे. हप्ता येतो १३,४९६ रुपये. आठ वर्षांत जवळजवळ १३ लाख भरून होतात, आणि मुद्दल फिटते अवघे ३ लाख १४ हजार! सुरुवातीचे हप्ते व्याजच खाते. आता उरलेले ११ लाख ८६ हजार पुन्हा वीस वर्षांवर नेले तर हप्ता १०,६७० वर येतो. महिन्याला २,८०० वाचल्यासारखे वाटतात, पण शेवटी सहा लाखांहून जास्त भरावे लागतात. मी तीनदा बेरीज केली.

बारा वर्षांचीच मुदत घेतली. माझा अर्धवेळचा पगार सगळा हप्त्यात जातो. घर दोघांच्या नावावर आहे. नुसते माझ्या नावावर घेतले असते तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत होती, पण घरात नाव नसले की ह्यांना प्राप्तिकरात व्याजाची वजावट मिळत नाही, म्हणून ती सोडली.

हे अजून म्हणतात, वीस वर्षे घेतली असती तर जरा मोकळा श्वास घेता आला असता. दिवाळीच्या खरेदीला निघाले की मलाही तसेच वाटते. वही मात्र मी कपाटात जपून ठेवली आहे.