भेट एकाची, भार कुणाचा?

सर डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी सचिन तेंडुलकरने २००२ साली केली आणि फेरारी ३६० मोडेना ही मोटार त्याला भेट मिळाली. मोटार परदेशी; ती देशात आणायची तर सुमारे १ कोटी १३ लाखांचे आयात शुल्क! सरकारने ते माफ केले. २००३ मध्ये त्यावर गदारोळ झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि अखेर शुल्क फियाट कंपनीने भरले.

हेच योग्य झाले. सचिनचा अभिमान आम्हांलाही आहे. प्रश्न त्याच्या कर्तृत्वाचा नाही. चार हौशी मित्रांनी परदेशातून मोटारी मागवाव्यात, जहाजाचे भाडे वाटून घ्यावे. त्याला कोण हरकत घेईल? तेथे प्रत्येकाने आपण होऊन खिशात हात घातलेला असतो. माफ केलेले शुल्क मात्र न विचारताच साऱ्यांवर वाटले जाते. काडेपेटीवर कर भरणारा आपला शेतमजूरही त्या वाटणीत येतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी पुन्हा उभी राहिली, त्यात सरकारी तिजोरीचाही वाटा होता. त्या तिजोरीतल्या रुपयाचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको. कौतुक जरूर करावे. पण ज्याने करायचे, त्यानेच त्याचा खर्च सोसावा.