पडकईचे अर्थशास्त्र

राष्ट्रीय उत्पन्नाची संकल्पना समजावून सांगताना अर्थशास्त्राच्या शिक्षकाला दरवर्षी एक जुनेच उदाहरण द्यावे लागते. गृहिणीने घरी रांधलेल्या अन्नामागचे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाहीत; खाणावळीतल्या आचाऱ्याचे मात्र धरले जातात. गेल्या वर्षी हे उदाहरण दिल्यावर भीमाशंकरच्या बाजूच्या एका विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, मग आमची पडकई कशात धरायची?’ प्रश्न साधा होता. पण पाठ्यपुस्तकात त्याचे उत्तर नव्हते.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पूर्वेकडील वाचकांनाही पडकई कदाचित ठाऊक नसेल. पश्चिमेकडील डोंगरउतारावर जमीन फोडून, दगडांचे बांध रचून भातखाचर तयार करणे हे एका कुटुंबाच्या आवाक्यातले काम नव्हे. म्हणून दहापंधरा कुटुंबे एकत्र येतात. आज एकाच्या रानात, उद्या दुसऱ्याच्या रानात राबतात. येथे मजुरी नाही, परंतु फुकटेपणाही नाही. खाचरात पिकलेल्या भाताचा अंदाज सरकारी दप्तरात बांधता येतो; शेजाऱ्याने आपल्यासाठी खपलेल्या दिवसांचे ऋण नोंदवण्यास मात्र तेथे रकाना नाही.

हा रकाना मानवशास्त्राने फार पूर्वी दाखवून दिला आहे. मॅलिनोव्स्की यांनी 1922 साली पॅसिफिकमधील ट्रोब्रियांड बेटांवरील देवघेवीचे वर्णन केले. मार्सेल मॉस यांनी 1925 साली दाखवले, की भेट वरकरणी ऐच्छिक असली तरी ती देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधनेच असतात. कार्ल पोलान्यी यांनी 1944 साली प्रतिपादन केले, की बाजार ही माणसाची उपजत व्यवस्था नसून बहुतेक समाजांत अर्थव्यवहार हा नातेसंबंधांत गुंतलेला होता. आपल्याकडे डॉ. गो. स. घुर्ये यांनी महादेव कोळी समाजावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तर जुन्नर तालुक्याचेच सुपुत्र डॉ. गोविंद गारे यांनी आदिवासी जीवनाच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले. दुर्दैवाने हे ग्रंथ समाजशास्त्राच्या कपाटात राहिले. अर्थशास्त्राच्या वर्गापर्यंत ते आले नाहीत.

अर्थात पडकईचा भाबडा गौरव करण्याचे कारण नाही. ज्या घरात राबणारे हात नाहीत, त्या घराला हे ऋण फेडणे जड जाते. नारायणगाव किंवा मंचरच्या बाजूला टोमॅटोच्या तोडणीला जाणाऱ्या तरुणाला रोख मजुरी हवीशी वाटते. शेजाऱ्याच्या उपकाराखाली न राहण्याची मोकळीकही तीत आहे. ती त्याला नाकारण्याचा अधिकार कोणासही नाही. प्रश्न एवढाच आहे, की जे मोजले जात नाही ते अस्तित्वातच नाही, असे धरून योजना आखावी काय?

तसे धरल्याचे परिणाम या भागाने भोगले आहेत. घोड नदीवरील डिंभे धरणात भातखाचरे बुडाली. ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो, ते आंबेगावही पाण्याखाली गेले. कालव्यांनी पूर्वेकडील शिवारे भिजवली. बुडालेल्या जमिनीची किंमत ठरवता आली. परंतु जी शेजारपाजारची माणसे पडकईला उभी राहत, त्यांची पांगापांग कोणत्या भावाने मोजावी? ‘शाश्वत’ या संस्थेच्या साथीने येथील कुटुंबांनी उतारावर पुन्हा खाचरे काढली, जलाशयात मासेमारी सुरू केली. या कार्याला 2012 साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. हे यश पुरस्काराने सिद्ध झाले असे नव्हे. जुन्या परस्परसाहाय्याचा पाया शिल्लक होता, म्हणून ते शक्य झाले.

दुसरे उदाहरण हिरड्याचे. बाळहिरडा वेचून, वाळवून विकणे हा येथील अनेक घरांचा रोख पैशाचा मुख्य आधार. 3 जून 2020 रोजीच्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याच्या झाडांची मोठी हानी झाली. पिढ्यान्‌पिढ्या उत्पन्न देणारे हे झाड. पण फळबागेच्या चौकटीत ते बसेना आणि भरपाईसाठी आदिवासींना दीर्घकाळ आंदोलन करावे लागले. झाड पडले वाऱ्याने. माणूस अडला तो व्याख्येपाशी.

म्हणून मागणी माफक आहे. हिरड्याच्या झाडांची नोंद व्हावी आणि नुकसानभरपाईच्या नियमांत त्यांना स्पष्ट स्थान मिळावे. रोजगार हमीतील बांधबंदिस्तीची कामे पडकईच्या गटांकडे, त्यांनी ठरवलेल्या हंगामात सोपवावीत. म्हणजे मजुरीही मिळेल आणि गटही टिकेल. वनहक्क कायद्याने 2006 साली ग्रामसभेला दिलेले स्थान कागदावर न राहता, योजना आखण्यापूर्वी तिचे म्हणणे ऐकले जावे. आणि आम्हा अर्थशास्त्राच्या शिक्षकांनी वर्षातून एकदा तरी विद्यार्थ्यांना घेऊन घाटाखालच्या वाड्यांवर जावे. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर फळ्यावर मिळणार नाही. ते खाचराच्या बांधावर उभे राहूनच शोधावे लागेल.