भुते विकू नका

दिल्लीच्या पर्यटन खात्याने मे २०२३ मध्ये 'हॉन्टेड वॉक' सुरू केले आणि पहिली जागा निवडली मालचा महालाची. फिरोजशाह तुघलकाच्या काळातली ही चौदाव्या शतकातली शिकारगाह, सरदार पटेल मार्गाच्या मागे, रिज नावाच्या टेकड्यांच्या रानात, विलायती कीकरांच्या गर्दीत उभी आहे. आर. के. पुरम या सरकारी वसाहतीहून फार लांब नाही. पडक्या वास्तूत शिरून पाहण्याची ओढ माणसाला असते आणि ती मोलाची आहे. पण सरकारने माणसांना तिथे न्यायचे, ते भूत दाखवायला?

या महालात भुते नव्हती, माणसे राहत होती. अवधच्या नवाबांची वारस म्हणवणारी बेगम विलायत महल सत्तरच्या दशकात मुलांसह आणि कुत्र्यांसह नवी दिल्ली रेल्वे स्टेशनच्या प्रतीक्षालयात येऊन बसली, ती वर्षानुवर्षे हलली नाही. अखेर १९८५ च्या सुमारास सरकारने तिला हा महाल दिला. दारे-खिडक्यांचा पत्ता नाही, वीज नाही, नळ नाही. १९९३ मध्ये तिने आत्महत्या केली. मागाहून मुलगी गेली आणि २०१७ मध्ये महालात एकटा उरलेला मुलगाही गेला. २०१९ मध्ये एलन बॅरी या पत्रकार महिलेने माग काढला, तेव्हा राजघराण्याचा दावा खोटा ठरला. विलायत ही लखनौ विद्यापीठाच्या एका अधिकाऱ्याची विधवा होती. फाळणीने हे कुटुंब पाकिस्तानात नेले होते, आणि तिथल्या मनोरुग्णालयातही तिला ठेवले गेले होते. मोठा मुलगा इंग्लंडात राहून भावंडांना पैसे पाठवत असे.

म्हणजे तिथे सांगण्यासारखे जे आहे, ते फाळणीत मोडून पडलेल्या एका बाईचे आयुष्य आहे. त्यावर 'झपाटलेला' असा शिक्का मारून तिकीट लावणे क्रूर आहे.

आपल्याकडे शनिवारवाड्याचे हेच झाले. तिथे रात्री ऐकू येते म्हणतात ती किंकाळी पुण्यात येणाऱ्या पोराटोरांना ठाऊक असते. पण ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर रामशास्त्री प्रभुण्यांनी खुद्द राघोबादादांना दोषी धरले, हे त्यांच्यातल्या किती जणांना कुणी सांगितलेले असते? किंकाळी टिकली, न्याय विसरला गेला. ज्या महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, त्याने तरी दिल्लीचा हा धडा गिरवू नये.

आणि भुतांची गरजच काय? आर. के. पुरमच्या सेक्टर ५ मध्ये सरकारी क्वार्टरांच्या कुशीत वझीरपूरच्या वास्तू आहेत: लोदी काळातले पाच मकबरे, बावडी, नमाजाची एक भिंत. जवळच बिजरी खानाचा मकबरा, आणि मोहम्मदपूर गावात तीन घुमटांची तीन बुर्जी. इथे बदलीवर आलेली मराठी कुटुंबे वर्षानुवर्षे राहतात, पोरे त्या सावलीत क्रिकेट खेळतात, आणि बावडीत पाणी कुठून येई, हे त्यांना कुणी सांगत नाही. मौलवी जफर हसन यांनी शंभर वर्षांपूर्वी दिल्लीच्या १,३१७ वास्तूंची खानेसुमारी केली, ती गल्लीबोळ तुडवून. २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांना देशभरातली ९२ संरक्षित स्मारके जागेवर सापडलीच नाहीत. भीतीच घालायची असेल, तर ती वास्तू हरवण्याची घालावी.

पर्यटन खात्याने तिकिटावरून 'हॉन्टेड' हा शब्द काढावा. मार्गदर्शकाच्या हाती विलायतची खरी हकीकत द्यावी, आणि पुढची फेरी सेक्टर ५ मध्ये, दिवसाउजेडी, शाळेच्या मुलांना घेऊन बावडीच्या पायऱ्यांपाशी सुरू करावी.