स्टीअरिंग रॅक : बांधून घ्यावा की बदलावा?



वळण घेताना स्टीअरिंग जड लागू लागले आणि गाडी उभी असते त्या जागी तेलाचे डाग दिसू लागले, की वर्कशॉपमधून बहुधा एकच निर्णय ऐकू येतो : "रॅक गेला." मग प्रश्न उभा राहतो, की जुना रॅक उघडून नव्याने बांधून घ्यावा, की संपूर्ण नवा बसवावा? सिंगापुरात हा प्रश्न केवळ यंत्राचा राहत नाही. 1990 पासून येथे प्रत्येक गाडीचे आयुष्य सीओईच्या दहा वर्षांच्या मुदतीला बांधलेले आहे. त्यामुळे दुरुस्तीचा खर्च किती, याबरोबरच तो किती महिन्यांसाठी, हेही विचारावे लागते.

प्रथम रोगाचे कारण निश्चित केले पाहिजे. हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंगमध्ये इंजिनावर चालणारा पंप तेलाला दाब देतो. चाक वळवताच एक झडप ते तेल रॅकच्या नळकांड्यात योग्य बाजूस सोडते आणि त्या दाबाने दात्यांचा दांडा सरकतो. तेल आत राखण्याचे काम सील करतात. सील झिजले की तेल दोन्ही टोकांच्या रबरी बुटांत साचते. मात्र तेल नळीच्या जोडातून किंवा पंपातूनही गळू शकते आणि स्टीअरिंग जड होण्याचे कारण टायरमधील कमी हवा हेही असू शकते. म्हणून बूट सरकवून आत तेल आहे काय, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणताही खर्च मान्य करू नये. बऱ्याच नव्या गाड्यांत स्टीअरिंगला मदत करण्यासाठी विजेची मोटार असते. तेथे तेलच नसल्याने सील बदलण्याचा प्रश्न येत नाही. आधी बॅटरी तपासावी आणि संगणकावर दोषाचा कोड वाचून घ्यावा.

रॅक बांधणे म्हणजे तो पूर्ण उघडून, धुऊन, सर्व सील व झिजलेले बुश बदलून, दाबाखाली तपासून पुन्हा बसवणे. हे काम यशस्वी होईल की नाही, हे दांड्याच्या पृष्ठभागावर ठरते. दांडा गुळगुळीत असेल तर नवे सील चांगले टिकतात. त्यावर गंजाचे खड्डे किंवा खोल ओरखडे असतील, तर ते नव्या सीललाही कापतात आणि गळती परत येते. दात झिजून चाकात ढिलेपणा आला असेल किंवा अपघातात दांडा वाकला असेल, तर बचतीचा विचारच सोडावा. मदत बंद पडलेले स्टीअरिंग जड होते, तरी गाडी वळते. पण ढिले स्टीअरिंग गाडीतील सर्वांचा जीव धोक्यात घालते.

आता हिशेब. उदाहरणादाखल धरू, की नव्या रॅकला 2,400 डॉलर आणि बांधणीला 900 डॉलर सांगितले. सीओईचे 20 महिने उरले असतील, तर नव्याचा भार महिन्याला 120 डॉलर पडतो आणि बांधलेल्याचा 45. शिवाय दहा वर्षांच्या आत नोंदणी रद्द केल्यावर मिळणारा पार्फ परतावा मूळ शुल्क आणि गाडीचे वय यांवरून ठरतो. नवा रॅक बसवल्याने तो एका डॉलरनेही वाढत नाही. अशा वेळी दांडा चांगला असल्यास बांधणीच शहाणपणाची.

मात्र सीओई पाच वर्षांसाठी वाढवण्याचे ठरले असेल, तर उरलेले महिने 80 होतात. तेव्हा नवा रॅक महिन्याला 30 डॉलरला पडतो. बांधलेला रॅक मध्येच एकदा पुन्हा बांधावा लागला, तर त्याचा भार साडेबावीस डॉलर होतो, आणि पुन्हा अलाइनमेंट व गाडीविना गेलेले दिवस वेगळेच. मुदतवाढ घेतली की पार्फवरील हक्क जातो, रस्ता कर वयानुसार 10 ते 50 टक्क्यांनी वाढतो आणि तपासणी दर वर्षी करावी लागते. म्हणून आधी मुदतवाढीचा निर्णय घ्यावा, मग रॅकचा. जोहोर बारूला काम स्वस्त होते म्हणून अनेक जण पूल ओलांडतात. पण गळती परत आली, तर हमीसाठी पुन्हा तेथेच जावे लागेल, हेही हिशेबात धरावे.

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक कथा आहे. आनंदांना पाचशे चीवरे दान मिळाली, तेव्हा राजा उदेनाने त्यांना इतक्या वस्त्रांचे काय करणार, असे विचारले. ती भिक्खूंमध्ये वाटू, असे आनंदांनी सांगितले. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची आच्छादने होतील. ती जुनी झाली की गाद्यांच्या खोळी, मग जमिनीवरची अंथरुणे, पायपुसणी, झाडण. आणि अखेरीस तुकडे चिखलात कालवून जमीन लिंपली जाईल. या कथेत उधळपट्टी नाही, पण हट्टही नाही. विरलेले वस्त्र चीवर म्हणूनच वापरण्याचा आग्रह आनंद धरत नाहीत. वस्तूची स्थिती पाहून ते तिचा उपयोग ठरवतात. रॅकच्या बाबतीतही हीच दृष्टी हवी.

आणखी एक गोष्ट. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांचीही विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी 1936 च्या "जातिप्रथेचे विध्वंसन" या निबंधात दाखवून दिले. हाताच्या कामाला हीन लेखण्याची ती सवय परदेशातील संगणकाच्या टेबलावरही आपल्या मुलांपर्यंत पोहोचू शकते. म्हणून वर्कशॉपमध्ये जाताना मुलांना सोबत न्यावे. कारागीर रॅक उघडत असताना त्यांना तो दांडा पाहू द्यावा आणि त्याच्या कौशल्याची योग्य मजुरी त्यांच्यासमोर द्यावी.

काम देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : उघडलेला दांडा दाखवाल काय? दाबाखालील चाचणी आणि लेखी हमी मिळेल काय? जुने तेल पूर्ण काढून नळ्या धुणार काय? घाण तेल आत राहिले, तर नवा रॅकही लवकर खराब होतो. काम कोणतेही करा, शेवटी व्हील अलाइनमेंट करूनच गाडी ताब्यात घ्यावी.