कच्ची वही, पक्की वही

आपल्यापैकी अनेकांच्या घरी गुजराती वा मारवाडी बोलली जाते, मुले इंग्रजी माध्यमात शिकतात आणि मराठी त्यांच्याकडे दुसरी भाषा म्हणून येते. २०२० च्या कायद्याने ती महाराष्ट्रातील शाळांत पहिलीपासून दहावीपर्यंत सक्तीची झाली आहे.

असे मूल निबंधात लिहिते, ‘आमची दुकान मोठी आहे.’ गुजराती व हिंदीत ‘दुकान’ स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. पुढे ते ‘दुकानमध्ये’ लिहिते, कारण ‘दुकाना-’ असे सामान्यरूप करण्याची रीत त्याच्या घरच्या भाषेत नाही. हा निष्काळजीपणा नव्हे. एका भाषेचे पक्के ज्ञान दुसरीत उतरले आहे.

तरीही वही लाल शाईने भरून परत येते. मूल शहाणे असते. पुढच्या वेळी ते चुकण्याची भीती नसलेली चारच वाक्ये लिहिते. वही स्वच्छ होते आणि रिकामीही. खरे नुकसान ते हेच.

व्यापारी माणसाला यावरचा उपाय नवा नाही. आधी रोजकीर्द, मग खतावणी. दोन्ही कामे एका बैठकीत कोणी उरकत नाही. लेखनाचेही तसेच असावे. पहिल्या खर्ड्यात केवळ आशय पाहावा. तो सोबत्याला वाचून दाखवावा. त्याने काय समजले आणि आणखी काय ऐकावेसे वाटते, एवढेच सांगावे. ‘रुसलेले गिऱ्हाईक परत का आले?’ या एका प्रश्नाने निबंधात परिच्छेदाची भर पडते. भाषेची दुरुस्ती त्यानंतर, तीही एका वेळी एकाच प्रकारची: आज लिंग, उद्या सामान्यरूप. शिक्षकांनी खूण करावी, दुरुस्ती मुलाने शोधावी. शेवटी पक्की प्रत वर्गात वाचावी वा भिंतीवर लावावी. मात्र मुलाची संमती घेऊनच. ऐकणारा आहे हे कळले की शुद्ध लिहिण्याला कारण मिळते.

पालकहो, आपली मराठी कच्ची असली तरी संकोच नको. गुजरातीतही लिंगे तीनच आहेत. ‘अमे’ आणि ‘आपणे’ यांतील भेद मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा जसाच्या तसा आहे. हिंदीत या दोन्ही गोष्टी नाहीत. घरची भाषा हे मुलाचे भांडवल आहे, हे त्याला अवश्य सांगावे.

आणि पुढच्या वेळी वही हाती आली की गुण पाहण्याआधी म्हणावे, ‘वाचून दाखव पाहू.’